पेटी रिकामी ठेवायची नसते

एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही. जेवतानासुद्धा मी दोनदा उठते, एकदा मीठ आणायला आणि एकदा दाराची कडी लागली की नाही ते बघायला. लग्न होऊन नालवाडीला आले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. घर दोन खोल्यांचं, माणसं तीन. नवरा एसटीत कंडक्टर, वर्धा-समुद्रपूर गाडीवर. सकाळी गेलेला माणूस दिवेलागणीला यायचा, आणि आल्यावर त्याला दोनच गोष्टी हव्या असायच्या, गरम पाणी आणि शांतता. सासूबाई मूळच्या रोहण्याच्या, जन्मभर शेतात राबलेल्या. सासरे गेल्यावर शेत थोरल्या मुलाकडे सोपवून त्या धाकट्यापाशी राहायला आल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे.

दोन खोल्यांचं झाडणं-पुसणं दहा वाजेपर्यंत संपायचं. मग मी घासलेली भांडी पुन्हा घासायची, घडी केलेले कपडे उलगडून पुन्हा घडी करायची, विहिरीवर उगाच एक खेप जास्तीची टाकायची. आत्याबाई ओसरीत कापसाच्या वाती वळत बसलेल्या असत.

"तुह्या पायाले भिंगरी बांधली काय व?" त्या म्हणत. "बस ना घटकाभर."

मी बसायची आणि उठायची. खरं तर त्याही काही दगडासारख्या बसून नसत. मधूनच उठून फाटकाशी जात, रस्त्याकडे बघत आणि परत येत. मुलाची गाडी संध्याकाळशिवाय यायची नाही हे त्यांना माहीत होतं. मला वाटायचं, आईचं मन आहे, दुसरं काय.

घरापासून दहा मिनिटांवर लाकूडकामाची एक कार्यशाळा होती. तिथे पेटी चरखे बनायचे. सुतार पुरुष होते, पण पेट्या घासायला आणि पॉलिश करायला बायका लागत. मी विचारलं तेव्हा आत्याबाईंनी नाही म्हटलं नाही. "बायाच हायेत तिथं, आन घर जवळ हाय," एवढंच म्हणाल्या. माझ्या भिंगरीपासून त्यांनाही दिवसभर सुटका हवी असणार.

काम असं होतं. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. मग चपडा लाख स्पिरीटमध्ये विरघळवायची, कापसाच्या बोळ्यावर जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळायचा आणि गोल गोल हात फिरवत ती लाकडाला पाजायची. एक हात वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. आता सांगा, वाळायची वाट बघणं हे माझ्यासारखीचं काम आहे का? पहिला हात ओला असतानाच मी दुसरा मारायची आणि पेटीवर ओरखडे उमटायचे. आमचे मिस्त्री म्हातारे होते, तोंडात सुपारी धरून बोलायचे. "बाई, लाख वाळू द्या. ते काई पळून नाई जाऊन राह्यली." मग ते माझी पेटी स्पिरीटने पुसून टाकत आणि मी पहिल्यापासून सुरुवात करत असे. माझ्या इतक्या पेट्या पुसल्या गेल्या की बाकीच्या बायका मला बघितलं की स्पिरीटची बाटलीच पुढे करायच्या.

सत्तरचं दशक संपत आलं होतं, त्या हिवाळ्यात कार्यशाळेत एक जपानी पाहुणे आले. वर्ध्याला जपानी माणसाचं नवल नव्हतं. पिवळ्या वस्त्रातले भिक्खू ढोलकं वाजवत रस्त्याने गेले तरी हॉटेलातली माणसं चहाच्या कपातून डोकं वर काढत नसत. पण हे भिक्खू नव्हते. साठीचे, बुटके, खाकी पँट घालणारे गृहस्थ होते. बापाचा आणि आज्याचा धंदा लाकडाचा. भिक्खूंबरोबर आले आणि आमच्या रंध्याचा आवाज ऐकून आत शिरले, ते चार महिने रोज येत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक पेटी काढली. अर्ध्या विटेएवढी. वरून पिवळ्या, तपकिरी, काळ्या लाकडाची नक्षी, आणि झाकण नाही, कडी नाही, बिजागरी नाही, कुलूप नाही. मिस्त्रींनी ती उलटीपालटी केली, ठोकली, कानाशी हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. पाहुणे हसले. त्यांनी अंगठ्याने एक बाजू गव्हाच्या दाण्याइतकी खाली सरकवली. मग शेजारची बाजू, मग तळ, मग पुन्हा पहिली बाजू. अकरा वेळा काही ना काही सरकलं आणि मग वरची फळी अख्खी बाहेर आली. आत एक बटण होतं, शर्टाचं.

तीस वर्षांत ज्यांनी कुणाच्या कामाला बरं म्हटलं नव्हतं ते मिस्त्री म्हणाले, "अरे बाप रे. लाकडाले डोकं हाय म्हनजे."

मी तर वेडीच झाले. कुणाला विचारल्याशिवाय उघडताच येणार नाही अशी वस्तू! त्या दिवशी घरी जाऊन मी आत्याबाईंना हातवारे करून सगळं सांगितलं. त्यांनी वात वळता वळता ऐकलं आणि विचारलं, "बटन काऊन ठेवलं आत?"

पाहुण्यांचं दुपारचं जेवण पाळीपाळीने आमच्या घरांतून जायचं. आमच्या पाळीला आत्याबाईंनी ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी दिली. संध्याकाळी डबा परत आला तो घासून, पुसून, आरशासारखा चकचकीत. आत्याबाईंनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"रिकामा वापस देला? कोनी रिकामा डबा वापस देते काय? घरात काई राहू नये असं म्हनाचं काय त्याले?"

त्यांचं हे फार होतं. शेजारणीची वाटी परत करायची तर आत चिमूटभर साखर तरी पाहिजेच. नवं मडकं आणलं तर आधी मूठभर ज्वारी, नवी ट्रंक आणली तर तळाशी चार तांदूळ. रिकामं भांडं त्यांच्या घरात एक रात्र राहत नसे. मी दुसऱ्या दिवशी मोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांनी पाहुण्यांना हे समजावलं. ते गंभीर झाले, वाकून त्यांनी माझी माफी मागितली. पुढच्या पाळीचा डबा परत आला त्यात चार बोरं होती, धुऊन पुसलेली. आत्याबाईंनी त्यातलं एक लगेच खाल्लं.

"शिकोलं तर शिकते मानूस," त्या म्हणाल्या.

पेटी करायला आम्हीही शिकलो. हळदूचं पिवळं लाकूड, सागाचं तपकिरी, शिसवाचं काळं. त्यांच्या बारीक पट्ट्या सरसाने एकमेकींना चिकटवायच्या, मग त्या ठोकळ्यावरून रंधा फिरवला की नक्षीचा पापुद्रा निघतो, कांद्याच्या पातीसारखा पातळ. तो पेटीला लावायचा. ते सुतारांचं काम होतं. माझ्या वाट्याला घासणं आलं, आणि मला वाटलं हे तर आपल्याला येतंच.

येत नव्हतं. चरख्याच्या पेटीची दिसणारी बाजू गुळगुळीत केली की झालं. या पेटीत खरं काम न दिसणाऱ्या बाजूचं. सरकणाऱ्या प्रत्येक पट्टीची कड, प्रत्येक खाच घासायची, आणि तिथे लाख अजिबात लावायची नाही. तिथे फक्त मेण, तेही अंगठ्याने, ऊब येईपर्यंत चोळून. पाहुणे माझी पट्टी खाचेत बसवून सरकवायचे, पेटी कानाशी न्यायचे आणि मान हलवायचे. पुन्हा. पुन्हा घासून नेली की पुन्हा कान, पुन्हा मान. एके दिवशी माझं डोकं सटकलं आणि मी ती पट्टी भिंतीवर फेकून मारली. ते उठले, पट्टी उचलली, तिच्या कडेवर पेपरचे तीन हात मारले, फुंकर घातली आणि माझ्यासमोर ठेवली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

ते उन्हाळा सुरू होताना गेले. जाण्याआधी माझ्या पट्टीला नखाने थोडी फट दाखवून ते आकाशाकडे बोट करत "पानी, पानी" असं काहीतरी म्हणाले होते. मी मान डोलावली आणि विसरले. तोवर मिस्त्रींनी मला लाकूड देऊन एक पेटी पूर्ण स्वतःच्या हाताने करायची परवानगी दिली होती. मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, मी ती इतकी घट्ट बसवली की सांध्यात नख जात नव्हतं. बाहेरून लाखेचे सात हात दिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा सातही वाळू दिले. मिस्त्रींनी ती हातात घेतली, बघितली, परत दिली आणि स्पिरीटची बाटली मागितली नाही. मी घरी जवळजवळ पळतच गेले.

पुढचा महिनाभर ओसरीत बसून मी ती पेटी उघडायची आणि बंद करायची. शंभर वेळा, दोनशे वेळा. "काय ते सारखं खुडखुड लावलं," आत्याबाई म्हणायच्या. त्या वाती वळत शेजारीच असत. पेटीला त्यांनी कधी हात लावला नाही. लावावासा वाटतो असंही कधी म्हणाल्या नाहीत.

आता मुख्य गोष्ट. पेटी केली त्याच्या आदल्या वर्षी मी घरात नर्सिंगच्या कोर्सचा विषय काढला होता. "घरची सून वसतिगृहात राह्यते काय? लोकं काय म्हनतीन?" असं म्हणून आत्याबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. नवऱ्याला विचारलं तर त्याचं ठरलेलं उत्तर, "आईले विचार." म्हणून या वेळी मी कुणालाच विचारलं नाही. कार्यशाळेच्या व्यवस्थापक बाईंनी नागपूरच्या एका संस्थेचा अर्ज भरून दिला. हस्तकला शिक्षिकेचा एक वर्षाचा कोर्स, राहायची सोय तिथेच. पत्ता कार्यशाळेचा दिला. जूनच्या शेवटी उत्तर आलं, मराठीत टाईप केलेलं. आपली निवड झाली आहे. पंधरा दिवसांच्या आत या मूळ पत्रासह हजर व्हावे. सोबत स्वतः केलेले एक काम आणावे.

मला ते किती हवं होतं हे आज सांगायलाही लाज वाटते. नवरा चांगला होता, सासू वाईट नव्हती, खायला-ल्यायला होतं, आणि तरी मी रोज सकाळी उठून त्या दोन खोल्यांत पाय टाकला की माझा जीव घुसमटायचा. पत्र हातात आल्यावर मी आधी ते पदराखाली ठेवलं. मग तांदळाच्या डब्यात, मग गादीखाली. प्रत्येक जागेला आत्याबाईंचा हात रोज पोचत होता. त्या घरात माझ्या मालकीची, बंद होणारी एकच वस्तू होती. मी पत्राची चार पदरी घडी केली, पेटीत ठेवली, अकरा वेळा सरकवून बंद केली आणि पेटी फडताळात ठेवून दिली.

रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. संध्याकाळी ठरवायचे, उद्या. पोळ्या लाटताना मनात सगळं भाषण तयार असायचं, आणि आत्याबाईंनी "मीठ दे व" म्हटलं की ते भाषण मिठाच्या बरणीत जायचं. पेटी मी उघडूनही बघत नव्हते. पत्र दिसलं असतं तर बोलावं लागलं असतं. असे दहा दिवस गेले. त्यात झड लागली, सतत बारीक पाऊस, कपडे वाळेनात, काड्यापेटी पेटेना, भिंतींना ओल आली.

पाच दिवस उरले तेव्हा मी पेटी काढली. पहिली बाजू सरकवायला गेले. सरकली नाही. पुन्हा जोर लावला, मग दोन्ही अंगठ्यांनी. माझं नख तुटलं, पण पेटी गव्हाच्या दाण्याइतकी काय, तिळाइतकीही हलली नाही. वरची लाख जागोजागी पांढरी पडली होती. तेव्हा मला ते आकाशाकडचं बोट आठवलं. पानी, पानी.

प्लास्टिकमध्ये गुंडाळून मी ती मिस्त्रींकडे नेली.

"उनाळ्यात बसोली ना? फुगली," ते म्हणाले. "फोडाची असंल तर पाच मिनिटाचं काम हाय. नाई तर पोळ्यालोक थांबा, आपोआप सुटंल."

पोळ्याला दीड महिना होता. पेटी फोडली तर पत्र मिळेल, पण न्यायला काम उरणार नाही. नाही फोडली तर काम आहे, पण पत्र नाही. मी त्यांना तसं सांगितलं. पेटी डोळ्याजवळ धरून त्यांनी तिच्या एका सांध्यावर बोट ठेवलं. तिथे बारीक लाल मुंग्यांची रांग लागली होती.

"आत काय ठेवलं बाई?"

"कागद."

"कागदाले मुंग्या नाई लागत." त्यांनी सांधा नाकाशी नेला. "गूळ हाय हा. पानी सुटलं त्याले, आन खाचेत उतरला. म्हून धरलं. नुसती फुगली असती तर थोडी तरी हालली असती."

गूळ! माझ्या पेटीत गूळ! मी घरी निघाले आणि अर्ध्या वाटेत थांबले. नवी वस्तू रिकामी राहू नये म्हणून तिच्यात गूळ ठेवणारं माणूस आमच्या घरात एकच होतं. म्हणजे आत्याबाईंनी पेटी उघडली होती. अकराच्या अकरा वेळा सरकवून, मी महिनाभर शेजारी बसून खुडखुड केली ती बघून. म्हणजे त्यांनी पत्र बघितलं होतं. आणि आत्याबाई वाचू शकत. बायकांच्या प्रौढ वर्गात त्या अक्षरं शिकल्या होत्या, एसटीच्या पाट्या सोडल्या तर बाकी सगळं बोट लावून वाचत, पण वाचत. पावसात मी आमच्या घरावरून पुढे गेले, नाक्यापर्यंत जाऊन परत आले, पुन्हा गेले. आधी राग आला, मग भीती वाटली, मग नुसती थंडी वाजायला लागली.

आत्याबाई चुलीपाशी होत्या. मी ओल्या लुगड्यानेच समोर उभी राहिले.

"आत्याबाई, पेटीत गूळ तुम्ही ठेवलता काय?"

"ठेवला."

"काऊन?"

"नवी पेटी हाय. रिकामी ठेवतेत काय?"

"रिकामी नोहती," मी म्हणाले.

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"कवा जाच हाय?"

"सोमवारलोक."

"मंग सोमवारच्या आंधी उघडली पाह्यजे," त्या म्हणाल्या. "लुगडं बदल जाय. ताप घेशीन."

मी आतल्या खोलीत जाऊन तोंडात पदर धरून रडले. त्यांनी पत्र पाहिलं होतं, वाचलं होतं, आणि त्याच्यापाशी गूळ ठेवला होता. मी त्यांना काय समजत होते, आणि त्या काय निघाल्या!

पेटी आत्याबाईंनीच हातात घेतली. भोपळ्याचं नि वालाचं बी त्या राखेत घालून ठेवत, ते मडकं त्यांनी रिकामं केलं. चुलीतली राख चाळली, तव्यावर गरम केली, पेटी जुन्या लुगड्याच्या चार पदरांत गुंडाळून राखेच्या पोटात ठेवली, वर आणखी राख घातली आणि मडक्याचं तोंड बांधून ते चुलीच्या उबेला ठेवलं.

"राख ओल पेते. बी वर्षभर राह्यते आत, कोरडं ठन्न. आता चार दिवस हात लावजो नोको."

चार दिवस! मला! मी त्या मडक्याभोवती मांजरासारखी फिरले. दोनदा फडकं सोडायला हात नेला, आणि दोन्ही वेळा आत्याबाईंनी न बघता म्हटलं, "बस व." त्यांनी वातींचं सूप ओसरीतून उचलून चुलीशेजारी आणलं होतं. रोज सकाळी त्या राख बदलत. नवऱ्याला त्यांनीच सांगितलं, दोन वाक्यांत, तो जेवत असताना. त्याने माझ्याकडे पाहिलं, ताटातलं संपवलं आणि म्हणाला, "सोमवारी मले ड्युटी हाय. पन स्टँडलोक येतो."

रविवारी सकाळी त्यांनी मडकं सोडलं, पेटी झटकून माझ्या हातात दिली. मी पहिल्या बाजूवर अंगठा ठेवला. आत कट् असा आवाज झाला, वाळलेला गूळ तडकला आणि बाजू सरकली. दुसरी सरकली. तिसरी. सहाव्यापर्यंत गेले आणि पुढचं काही सुचेना. दोनशे वेळा केलेलं मी विसरले. आत्याबाईंनी हात पुढे केला, कापसाने कोरडा पडलेला अंगठा तळाला लावला आणि सातवी सरकवली. मग आठवी, नववी. शेवटच्या दोन मात्र त्यांनी मला करू दिल्या.

पत्र होतं. एका कोपऱ्याला गुळाचा खडा चिकटलेला, त्याच्यात चार-पाच मुंग्या मेलेल्या. मी कोपरा ओल्या फडक्याने पुसला तरी तपकिरी डाग राहिलाच. मग दिवसभर मी पेटीपाशी बसले. खाचांतला गूळ काडीने कोरून काढला, कडा अगदी हलक्या घासल्या, या वेळी नखभर जागा ठेवून, आणि मेण चोळलं. पांढरी पडलेली लाख स्पिरीटच्या बोळ्याने उतरवली आणि नवा हात दिला. तो वाळेपर्यंत मी उठले नाही. नवऱ्याने दोनदा डोकावून बघितलं, माझी तब्येत बरी आहे ना म्हणून.

नागपूरच्या संस्थेतल्या बाईंनी पत्र हातात घेतल्यावर विचारलंच, "हा डाग कसला?" मी म्हणाले, "सासूबाईंनी शुभ म्हणून गूळ ठेवला होता." त्या हसल्या. पेटी त्यांना अर्धा तास उघडता आली नाही, आणि माझा प्रवेश झाला. वसतिगृहात ही गोष्ट मी किती जणींना सांगितली असेल त्याला गणती नाही. सासवांचा विषय निघाला की मी माझी काढायची. मुलींचे डोळे भरून यायचे.

दिवाळीला घरी आले तेव्हा ओसरीत शेजारणी जमल्या होत्या. मी तीच गोष्ट त्यांना सांगितली, मुंग्यांसकट, राखेसकट. "अशी सासू भेटाले नशीब लागते," एक जण म्हणाली. आत्याबाई उठून फाटकाशी गेल्या. शेजारणी पांगेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.

मग परत येऊन त्यांनी सूप पुढे ओढलं. दिवाळीच्या वाती वळायच्या होत्या, मीही बसले. चार-पाच वाती झाल्यावर त्या म्हणाल्या, "तो गूळ शुभाचा नोहता."

"म्हनजे?"

"तू चिठ्ठी लपवली ते पाह्यलं मी. चुलीत घालासाठी काहाडली होती. तू कारखान्यात गेलती. काहाडली, आन पेटी रिकामी झाली. रिकामी कशी ठेवू? म्हून गूळ टाकला अन् बंद केली."

मी तीन-चार महिने जी गोष्ट सांगत फिरत होते तिचा एक एक शब्द मला आठवला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती पेटी मी त्या दिवसांत उघडली असती तर? पत्राऐवजी गुळाचा खडा! मी उठणार होते, पण त्या बोलत होत्या.

"मंग म्हटलं, जाळाच्या आंधी वाचून तर पाहू. दोन दिवस लागले मले वाचाले. कमरेले खोसून ठेवो, तू गेली का काहाडो. निवड म्हनजे काय ते समजाले एक दिवस गेला."

"मंग वापस काऊन ठेवली?"

त्यांनी वात पूर्ण वळली, टोक चिमटीत पिळलं, सुपात ठेवली.

"तुले बसता येत नाई," त्या म्हणाल्या. "मले बी कवा बसता नाई आलं, व. शेतात नाई, घरात नाई. पन मले कोनी चिठ्ठी नाई धाडली."

एवढं बोलून त्या उठल्या आणि पुन्हा फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याची गाडी यायला अजून तीन तास होते. मी सूप बाजूला सारलं आणि जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिले. रस्त्यावर कुणी नव्हतं. आम्ही दोघी तिथे बराच वेळ बघत होतो.